एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही

कबनूर,
१३ जून १९९९

ती. प्रियदर्शनीताईंना,
सविनय जयभीम.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूर ते कबनूर अंतर ते केवढं, एसटीत बसून यायचं सोडून ही वहिनी पत्र काय लिहिते. पण तुमच्या घरी कधीही आलं तरी चार बायका बसलेल्या असतात, आणि इथून फोन करायचा म्हणजे बाळासोच्या दुकानातून. त्या फोनवर मी हॅलो म्हणेपर्यंत निम्मी गल्ली चहापत्ती घ्यायला येते. म्हणून लिहिते. तुम्ही नवरा-बायकोच्या संसारावर व्याख्यानं देता, त्या बाई म्हणून मला उत्तर द्या. नणंद म्हणून देऊ नका, नाहीतर भावाचीच बाजू घ्याल.

तुमचे भाऊ माझ्याशी बोलत नाहीत. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरचं काही नाही. असतं तर बरं झालं असतं, भांडायला विषय तरी मिळाला असता. जॉबर माणूस, दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहायचं, कुठला माग बिघडला की हातोडी-पाना घेऊन पळायचं, घरी येईस्तोवर जीव दमणार, हे मला कळतं. पण दमलेला माणूस निदान हूं तरी करतो की. मी भाकऱ्या थापत गल्लीतलं, दीक्षाच्या शाळेतलं, माझ्या शिलाईच्या गिऱ्हाइकांचं सांगत असते आणि हे पाठ करून बसलेले. पालथ्या घड्यावर पाणी. घडा बरा, तो मध्येच उठून बाहेर जात नाही.

परवाचं सांगते. मलकापूरहून निरोप आला की माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. हे खिडकीत आरसा ठेवून दाढी करत होते. मी मागून सगळं सांगितलं, जाऊ का म्हणून विचारलं. उत्तर नाही. म्हटलं, गप्प बसले म्हणजे होकार. पिशवी भरली, दीक्षाची वेणी घातली, तर हे टॉवेलनं तोंड पुसत विचारतात, "कुठं निघालीस गं?" मी ओरडले, "मगाधरनं काय भुताला सांगत होते व्हय?" तर हेही ओरडले, "मग तोंडासमोर येऊन सांगायला काय होतंय तुला?" शेजारच्या धोंडुबाई दारात आल्या, म्हणून गप्प बसलो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हाच माणूस मला म्हणायचा, "तू बोलत ऱ्हा अंजी. कारखान्यातनं आल्यावर मला माणसाचा आवाज लागतो." मी किती वेळ बोलायची आणि हे किती वेळ ऐकायचे. ताई, मी नकोशी झालेय का? एवढंच मला सांगा. गोल गोल सांगू नका.

तुमची,
अंजना


कोल्हापूर,
२१ जून १९९९

प्रिय अंजना,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले. रागावू नकोस. गेल्याच आठवड्यात कागलच्या महिला मंडळात मी विचारलं, "ज्यांचा नवरा ऐकतो त्यांनी हात वर करा." दीडशे बायकांत एक हात वर गेला आणि ती बाई विधवा निघाली. घरोघरी मातीच्या चुली. तू नकोशी वगैरे काही झालेली नाहीस.

मी नेहमी सांगते ते तुलाही सांगते. बाई म्हणजे नळ आणि पुरुष म्हणजे विहीर. नळाला पाणी आलं की ते धो धो वाहणार, हंडा असो वा नसो. विहीर आपण होऊन कधी वाहत नाही. तिच्यात पोहरा सोडायचा आणि वाट बघायची. आपण बायका काय करतो, तर काठावर वाकून ओरडतो. मग आपलाच आवाज परत येतो आणि आपण म्हणतो, बघा, हा मला उत्तरच देत नाही.

आणि ही नुसती गंमत नाही, याला शास्त्र आहे. आदिमानव शिकारीला जायचा. तोंड उघडलं की सावज पळालं. म्हणून पुरुष गप्प राहायला शिकला. बायका गुहेत एकत्र बसायच्या, मुलं सांभाळायच्या, म्हणून त्या बोलायला शिकल्या. मेंदूही तसेच घडले. पुरुष एका वेळी एकच काम करू शकतो. दाढी करताना तो दाढीच करतो. त्या वेळी त्याला आईचं ऑपरेशन सांगितलंस, ती चूक तुझी. आमचे आप्पाही असेच होते. आई बोलून बोलून दमायची आणि ते कौलांकडे बघत बसायचे.

आता पथ्य सांगते, ते नेमानं पाळ. पहिलं, तो घरी आल्यावर त्याच्या मागे बोलत फिरायचं नाही. दुसरं, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं. पुन्हा पुन्हा सांगितलं की पुरुषाला ती कटकट वाटते आणि तो आणखी आत जातो. तू गप्प झालीस की त्याला तुझी उणीव भासेल आणि तो आपण होऊन तुझ्याकडे येईल. माझ्या ओळखीतले कितीतरी संसार यानं सावरलेत.

माझंच बघ. आमचे हे रत्नागिरीच्या बँकेत. शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. आमच्यात कधी एका शब्दाचं भांडण नाही.

दीक्षाला गोड पापा. प्रसेनला यातलं काही सांगू नकोस. मीही तुझं पत्र त्याला दाखवणार नाही. माझ्याकडे आलेली गोष्ट माझ्यापाशीच राहते, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे.

तुझी,
प्रियदर्शनीताई


कबनूर,
१२ डिसेंबर १९९९

ती. ताईंना,
सविनय जयभीम.

बरेच महिने लिहिलं नाही. पथ्य पाळत होते. बोलायची सवय कमी केली की लिहायचीही होते, असं दिसतंय.

तुम्ही सांगितलं तसंच झालं, घरात शांतता आहे. सुरुवातीला फार जड गेलं. भाकरी थापताना तोंडात शब्द यायचे आणि मी ते गिळायची. दीक्षा विचारायची, आई, तुझा घसा दुखतोय का? आता सवय झाली. सांगायचं ते एकदा सांगते. ऐकलं तर ऐकलं. तुमच्या भावांची चिडचिडही कमी झाली आहे. परवा आपण होऊन गरम भजी घेऊन आले आणि पुडी माझ्या हातात देऊन बघत उभे राहिले. मला बोलावंसं वाटलं, पण तुमचं आठवलं. पोहरा सोडायचा आणि वाट बघायची. मी भजी ताटात काढली.

तुम्ही विहीर म्हणालात ते मला रोज पटतंय. बाळासोच्या मुलीच्या लग्नाला यायला नको म्हणाले. विहारात रविवारी सगळे जमतात, तिकडेही जात नाहीत. रेडिओ मात्र एवढा मोठा लावतात की धोंडुबाई भिंतीवर लाटणं आपटतात. माझं बोलणं नको, रेडिओचं चालतं. एकदा कागलचे पाहुणे दारात हाका मारून मारून परत गेले. हे आत बसलेले. मी नळावरून आल्यावर धोंडुबाईंनी आम्हा दोघांना सांगितलं, तर हे मलाच म्हणाले, "पावणं आलेलं सांगायचं न्हाय व्हय?" पूर्वी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी म्हटलं, पुरुष एका वेळी एकच काम करतो.

एक बातमी आहे. मला दिवस गेलेत. दीक्षानंतर सहा वर्षांनी. मागच्या महिन्यात कळलं, त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे चपला शिवत बसले होते. सांगताना मला इतक्या दिवसांनी हसू येत होतं. काही म्हणाले नाहीत. मान वर केली नाही. ताई, ही गोष्ट तरी पुन्हा सांगावी असं फार वाटलं. दोन दिवस त्यांच्या अवतीभवती घुटमळले. मग नाही सांगितली.

नको असेल त्यांना, असं मनात येतं. पण तुम्ही म्हणाल, पुरुषांचा आनंदही आतल्या आतच असतो. तसंच असेल ना?

तुमची,
अंजना


कबनूर,
९ जानेवारी २०००

ताईस,
जयभीम.

मी पत्र लिहिणारा माणूस न्हाई, तुला माहीत आहे. दहावीनंतर पहिल्यांदाच लिहितोय. हसू नकोस.

अंजी माझ्याशी बोलायची बंद झाली आहे. आधी दिवसभर बोलायची. खरं सांगतो, त्यातलं मला सगळं समजायचं असं न्हाई. पण तिचं चालू असलं की घर चालू आहे असं वाटायचं. आता ती येते, ताट ठेवते, जाते. विचारलं काय झालं, तर मान हलवते. माझं काय चुकलं तेही सांगत न्हाई.

तिला दिवस गेलेत हे मला धोंडुबाईकडून कळलं. ती पेढे मागायला आली तेव्हा. माझ्या पोराची बातमी मला शेजारीण देते. अंजीला ती मला सांगावीशी वाटली न्हाई. तेव्हापासून माझं कामात लक्ष लागत न्हाई.

तू बायकांना शिकवतेस. तिला काय झालंय ते तुला कळत असेल. तिला विचार, पण मी लिहिलं असं सांगू नकोस. मी विचारायला गेलो आणि तिनं काही सांगितलं, तर मला...

आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे, पण ती पत्रात न्हाई. समक्ष भेटल्यावर सांगीन.

तुझा,
प्रसेन


कोल्हापूर,
१७ जानेवारी २०००

प्रिय प्रसेन,
अनेक आशीर्वाद.

दहावीनंतरचं पहिलं पत्र बायकोसाठी लिहिलंस, हे मी जपून ठेवीन.

वेड्या, बाई गप्प बसली म्हणजे तिचं मन उडालं असं नसतं. पुरुषाचं गप्प बसणं वेगळं आणि बाईचं वेगळं. पुरुष गप्प बसतो तेव्हा त्याला एकटं राहायचं असतं. बाई गप्प बसते तेव्हा तिला वाटतं, आपण न सांगता यानं ओळखावं. दिवस गेल्यावर तर त्यांचं मन फारच हळवं होतं. तिनं तुला सांगितलं नाही म्हणतोस. बायका सरळ सांगत नाहीत, सुचवतात. तिनं सुचवलं असेल, तुझ्या लक्षात आलं नसेल.

खोदून खोदून विचारत बसू नकोस. एखादी चांगली साडी घेऊन ये. तिच्याजवळ नुसता बस. बोलायची गरज नाही. तुला तसंही ते जमत नाही.

समक्ष सांगायची गोष्ट म्हणजे पगारवाढ असणार, मी ओळखलं. मेस्त्री केलं की काय तुला? माझे शाळेतले दहावीचे जादा तास संपले की एखाद्या रविवारी येते.

तुझी,
ताई


मलकापूर,
४ मार्च २०००

ती. ताईंना,
सविनय जयभीम.

मी दीक्षाला घेऊन आईकडे आले आहे. तुम्हाला कोणाकडून तरी कळलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहिते.

मूल गेलं. सकाळी न्हाणीत माझा पाय घसरला. कमरेवर पडले आणि मला उठता येईना. हे पलीकडच्या खोलीत होते. मध्ये भिंतसुद्धा नाही, पडदा आहे. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. स्टुलावर बसून मागाचा कुठला तरी भाग घासत होते. मी हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. पाय हलले नाहीत. मी ओरडले, ताई. माझा आवाज भिंतीपलीकडे धोंडुबाईंना ऐकू गेला आणि त्या रस्त्यावरून वळसा घालून माझ्या घरात आल्या. त्या ह्यांच्या शेजारून गेल्या तेव्हा हे मान वर करून म्हणाले, "काय झालं?"

त्या येण्याआधी मी थांबले होते. ओरडणं बंद केलं होतं. मनात आलं, एकदा सांगितलंय, पुन्हा काय सांगायचं. पडल्या पडल्या मला ते आठवलं.

दवाखान्यात हे रडले. नवी साडी घेऊन आले. मी तिकडे बघितलं नाही. बायको मरणाच्या आकांतानं हाक मारते आणि माणूस लोखंड घासत बसतो, याला तुमच्या व्याख्यानात काय म्हणतात ते मला कळवू नका. मला माझं उत्तर मिळालं. जूनमध्ये विचारलं होतं, मी नकोशी झालेय का म्हणून.

अंजना


कोल्हापूर,
१९ मार्च २०००

प्रिय अंजना,

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तुझं दुःख मला कळतं. मलाही दुसरं मूल राहिलं नव्हतं.

तरी एक सांगते, ते शांतपणे वाच. संकट अंगावर आलं की बाई ओरडते, धावते. पुरुष जागच्या जागी गोठतो. ऐकू येऊनही त्याचे हातपाय हलत नाहीत. प्रसेन घाबरला असणार, अंजना. लहानपणी आप्पा चक्कर येऊन पडले तेव्हाही तो दारात नुसता उभा होता. त्याला निर्दय म्हणू नकोस. त्याचं मन मला माहीत आहे.

मागच्या रविवारी एका मंडळात मी नाव-गाव न सांगता तुझी गोष्ट सांगितली. बायका ढसाढसा रडल्या. कितीजणी नंतर येऊन म्हणाल्या, आमच्या घरीही असंच झालं. तू एकटी नाहीस.

थोडे दिवस आईकडे राहा. मग परत ये. संसार असा टाकायचा नसतो.

तुझी,
ताई


कबनूर,
६ ऑगस्ट २०००

ताईस,
जयभीम.

तू दोनदा येते म्हणालीस आणि आली न्हाईस. म्हणून समक्ष सांगायचं ते पत्रात लिहितो.

मला ऐकू येत न्हाई. आजचं न्हाई. चार-पाच वर्षं झाली. आधी पाखरांचा आवाज गेला, मग बायकापोरांचा. तोंड समोर असलं तर ओठांवरून समजतं. कारखान्यात सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलतात, तिथल्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत न्हाई. म्हणून तिथं कुणाला कळलं न्हाई. घरात सगळे पाठीमागून बोलतात.

जॉबरचं काम कानावर चालतं. शंभर मागांत कुठला वेगळा वाजतोय हे पाठ फिरवून ओळखायचं असतं. मी हात ठेवून, हादरे बघून ओळखत होतो. मागच्या महिन्यात माझ्या मागंच एक माग बिघडून चालत राहिला आणि सुताचं अख्खं बीम वाया गेलं. मालकानं कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आवाजानं आतली नस मेली आहे, ती परत यायची न्हाई. यंत्र लावून बघितलं. आवाज मोठा होतो, शब्द होत न्हाई. आता मला कापडाच्या घड्या घालायला बसवलंय.

अंजीला का सांगितलं न्हाई म्हणशील. बहिरा म्हणून गल्लीत पोरं कशी मागं लागतात ते तू बघितलंयस. जॉबरकी गेली की मी कोण? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. वाटायचं, ती बोलतेय तोवर आपलं निभतंय. मग ती बोलायची थांबली. मला वाटलं, तिला कळलं आणि तिनं मला सोडून दिलं.

त्या दिवशी ती ओरडत होती हे मला धोंडुबाईनं नंतर सांगितलं. ताई, मला ऐकू आलं न्हाई. एवढंच तिला कळव. मी मलकापूरला जाऊन आलो, पण घराच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. ती आतून काय बोलेल ते मला ऐकू येणार न्हाई, आणि तिनं तोंड फिरवलं तर काहीच कळणार न्हाई.

प्रसेन


कोल्हापूर,
१० ऑगस्ट २०००

प्रिय अंजना,

सोबत प्रसेनचं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, मग माझं वाच.

वाचलंस? आता तरी पटलं ना, की त्याचं तुझ्यावर प्रेम आहे? मी कालपासून रडते आहे आणि हसतेही आहे. एवढं साधं कारण होतं. ना कंटाळा, ना तिरस्कार. नुसते कान.

आणि बघ, मी म्हणत होते तेच शेवटी खरं ठरलं. पुरुष आपलं दुखणं लपवतो. शिकारीत जखमी झालेला माणूस कळपाला कळू देत नसे, नाहीतर त्याला मागे टाकून देत. बाईला काटा टोचला तरी ती गावभर सांगते. पुरुषाचे कान गेले तरी तो बायकोला सांगत नाही. प्रत्येक बाईला हे माहीत असतं तर किती घरं वाचली असती. मी यावर आता स्वतंत्र व्याख्यानच तयार करणार आहे.

कारण कळलं, म्हणजे प्रश्न मिटला. झालं गेलं विसर आणि परत जा. त्याला तुझी गरज आहे.

तुझी,
ताई


कबनूर,
१४ जानेवारी २००१

ती. ताईंना,
सविनय जयभीम.

मी सप्टेंबरमध्येच परत आले. दीक्षाची शाळा बुडत होती. तुम्हाला कळवायचं राहून गेलं.

हे स्टँडवर घ्यायला आले होते. सगळ्यांदेखत माझा हात धरून म्हणाले, "मला न्हाय ऐकू आलं, अंजी." मी मान हलवली. मला ते खोटं वाटलं नाही. माझा राग गेला, हे तुम्हाला खरं सांगते. पण राग गेल्यावर त्या जागी जे परत यायला हवं होतं, ते काही आलं नाही. मी वाट बघितली.

तुम्ही लिहिलं होतं, कारण कळलं म्हणजे प्रश्न मिटला. कारण कळलं. पण त्या सकाळी न्हाणीत मी बहिऱ्या माणसाला हाका मारत नव्हते. ऐकून न उठणाऱ्या माणसाला मारत होते. त्याच माणसाची बायको म्हणून मी मलकापूरला इतके महिने काढले. पोटातलं गेल्याचं दुःखही त्याचीच बायको म्हणून केलं. ते करून झालं, ताई. ऑगस्टमध्ये पत्र आलं म्हणून ते मागे जाऊन दुसऱ्या कोणाचं होत नाही.

आणखी एक. ह्यांनी तुम्हाला मागच्या जानेवारीत लिहिलं होतं, असं आता सांगतात. अंजी बोलत नाही, पोराची बातमी मला शेजारणीनं दिली, असं. त्याच्या महिनाभर आधी मी तुम्हाला लिहिलं होतं की मी त्यांना सांगितलं आणि ते काही बोलले नाहीत. दोन्ही पत्रं तुमच्या घरात होती. तुम्ही आमची गुपितं सांभाळलीत, याबद्दल तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही. मी फक्त मनात म्हणते, त्यातलं एक जरी पोस्टमननं चुकून दुसऱ्याच्या हातात दिलं असतं. तेव्हा मला तिसराच महिना होता, पडले तेव्हा पाचवा.

पुरुष कसे असतात आणि बायका कशा असतात, हे तुम्हाला माहीत असेल. मला माझा एक नवरा कसा आहे तेवढं माहीत असायला हवं होतं, आणि त्याला मी. तेवढं आम्हा दोघांनाही जमलं नाही. तुमच्यावर सगळं ढकलत नाही. ह्यांनी लपवलं आणि मी ऐकलं तुमचं.

आता कसं चाललंय विचाराल म्हणून सांगते. भांडण नाही. हे घड्यांच्या कामावरून लवकर येतात. हातपाय धुतले की पाट ओढून थेट माझ्यासमोर बसतात. मला दिव्याच्या बाजूला सरकवतात, ओठ दिसावेत म्हणून. म्हणतात, "बोल की काय तरी. सावकाश बोल, मला समजतंय." आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पूर्वी मी या अशा नजरेसाठी जीव टाकला असता.

मी दिवसभर काही ना काही आठवून ठेवते, संध्याकाळी ह्यांना सांगायचं म्हणून. धोंडुबाईंचं, नळाचं, एखाद्या गिऱ्हाइकाचं. ते समोर येऊन बसले की त्यातलं काहीच सांगण्यासारखं वाटत नाही. मी विचारते, भाकरी वाढू का. ते मान हलवतात आणि परत माझ्या तोंडाकडे बघतात. जेवण संपेपर्यंत ते वाट बघतात, आणि मग ताट उचलून मोरीत ठेवतात.

तुमची,
अंजना